दहावीची पोरं आणि बोकडाचं पुस्तक

३ डिसेंबर, बुध.
खोकी आली एकदाची. पुण्यातल्या कुठल्याशा सोसायटीने 'ग्रामीण भागातील किशोरांसाठी' म्हणून पाठवलेली. मोठे सर स्वतः कात्री घेऊन उभे. मी पदर खोचून बसलेले, की आता कादंबऱ्या निघतील, चरित्रं निघतील. निघालं काय? पानभर चित्र आणि खाली दोन ओळी. एसटीत चढलेला बोकड. अंडं घालणार नाही म्हणून अडून बसलेली कोंबडी. सर्दी झालेला ढग. पहिली-दुसरीची पुस्तकं! आमची शाळा आठवी ते दहावी.
सर म्हणाले, "असू द्या बाई, पुस्तकंच आहेत ना." असू द्या म्हणायला काय जातंय. ग्रंथालय माझ्या गळ्यात, म्हणजे हेही माझ्याच गळ्यात.
वेल्ह्यातल्याच प्राथमिक शाळेला देऊन टाकावीत. तिथले गुरुजी प्रशिक्षणाला गेलेत, आले की नेतील. तोवर खिडकीखाली ठेवली.
येताना नसरापूर फाट्यावर डोळ्यांदेखत भोरची गाडी गेली. घरी आले तर अथर्वच्या खोलीचं दार बंद. अकरावी सायन्सच्या सहामाहीचा निकाल लागल्यापासून हेच चाललंय. फिजिक्स आणि गणित, दोन्हीत गचकलाय. जेवायला बाहेर येतो, परत आत. मुलांना मराठी शिकवते मी, आणि घरातलं पोर एक वाक्य बोलत नाही.

५ डिसें., शुक्र.
दहावीचा ग्रंथालयाचा तास. कपाटाला कुणी हात लावेना, सगळी खिडकीखाली. किरण, आमचा कबड्डीचा कप्तान, मिसरूड फुटलेलं, दाराला डोकं लागतं एवढा उंच. तो फरशीवर मांडी घालून कोंबडीचं पुस्तक वाचतोय!
"अरे किरण, लाज?"
"कशाची बाई?"
खरंच कळलं नव्हतं त्याला.
आणि प्रणाली. वर्गात पहिली, तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीवरून चालत येते. तिच्याकडून ही अपेक्षा नव्हती. बोकडाचं पुस्तक वाचून संपवलं आणि तिथल्या तिथे पुन्हा पहिल्या पानापासून सुरू. मी म्हटलं, तीन महिन्यांवर बोर्डाची परीक्षा आहे. म्हणाली, "व्हय बाई." आणि पान उलटलं.

८ डिसें., सोम.
खोकी कपाटावर चढवली. फर्मान काढलं: ही पुस्तकं लहान मुलांची आहेत, कोणीही हात लावायचा नाही.
चौथ्या तासाला मागच्या बाकावर खुसखुस. जाऊन पाहिलं तर भूमितीच्या पुस्तकात बोकड. खोकं उतरवलं कधी, काढलं कधी, देव जाणे. जप्त केलं आणि पर्समध्ये टाकलं.
वैताग नुसता. त्यांच्या वयाला शोभेल असं कपाटभर पडलंय. गेल्या वर्षी भांडून भांडून अनुदानातून घेतलेल्या कादंबऱ्या. बऱ्याचशांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत.

९ डिसें., मंगळ.
किरणचे वडील आले. शेतातून तसेच आलेले, चिखलाचे पाय, त्यामुळे ऑफिसात यायला तयार होईनात. दारातूनच बोलले, "बाई, पोरगं दहावीला हाय आन् घरी येऊन धाकटीला कोंबडीची गोष्ट सांगतंय. तुमी त्याला हेच शिकवता व्हय? मास्तर न्हाई झालं तरी चालंल, पर पास तर व्हायला पायजे का नको?"
मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे. बरोबरच होतं. मग मला इतकं अपमान झाल्यासारखं का वाटलं?
संध्याकाळी पोळ्या लाटत होते. बाहेरच्या खोलीतून कोणीतरी फिस्सकन् हसलं. मला वाटलं टीव्ही. जाऊन पाहते तर अथर्व. चार्जर शोधायला माझी पर्स उघडलेली, त्यात ते जप्तीचं पुस्तक. सोफ्यावर आडवा होऊन वाचतोय.
"हा कंडक्टर बोकडाचं अर्धं तिकीट फाडतो, आई."
किती दिवसांनी न विचारता बोलला.
मी म्हटलं, "तुझ्या वयाची मुलं..." आणि पोळी करपल्याचा वास आला म्हणून आत पळाले. बरंच झालं.

१२ डिसें., शुक्र.
भोर-वेल्हे मिळून पुस्तक-परिचय स्पर्धा, पुढच्या शनिवारी भोरला कॉलेजात. सरांनी प्रणालीचं नाव दिलं, तयारी माझ्याकडे. तिला चांगली जाडजूड कादंबरी दिली. धरणात गाव गेलेल्या माणसांची. आपल्याच भागातली वाटावी अशी. दोन्ही हातांनी घेतली, पिठाची परात घ्यावी तशी.
"वाचशील ना?"
"वाचते बाई."
ते 'वाचते' मला आवडलं नाही.

१३ डिसें., शनि.
आज घरी निघताना खोक्यातली आणखी दोन पुस्तकं पर्समध्ये टाकली. ढगाचं आणि एक बेडकाचं. पोरांना बंदी, आणि बाई चोरून नेतायत. शिपाई मावशी बघत होत्या. नुसत्या हसल्या. ते जास्त लागलं.
अथर्वने दोन्ही स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून वाचली. ह्यांनी पाहिलं. "वा! अकरावी सायन्स! आता बाराखडीपण घोटून घे." तो उठला, खोलीत गेला, दार बंद.
ह्यांच्याशी बोलले नाही मी रात्रभर. पण खरं सांगायचं तर हे बोलले ते माझ्याच मनातलं होतं. म्हणूनच जास्त राग आला.

१७ डिसें., बुध.
प्रणालीची तालीम घेतली. कादंबरीचं कथानक, पात्रं, भाषा, सगळं बरोबर सांगितलं. नळाखाली हंडा भरतो तसं. आवाजात चढ नाही, उतार नाही. मी म्हटलं, जीव ओत जरा. म्हणाली, ओतते बाई.

२० डिसें., शनि.

सकाळी प्रणालीला घ्यायला एसटी स्टँडवर गेले. तिची आई बरोबर, नवी साडी नेसून. आयुष्यात पहिल्यांदा कॉलेज आतून बघणार म्हणून. "बाई, पोरगी काय चुकली तर हाणा," म्हणाल्या.
प्रणालीचा नंबर आला. चढली. माईकपुढे उभी राहिली. मी पहिलं वाक्य ओठांत पुटपुटतेय, आणि तिने दप्तरातून काढलं ते काय, बोकड! मी अथर्वच्या उशाकडून आणून खोक्यात परत टाकलेला तोच.
"मी ज्या पुस्तकाबद्दल बोलणार हाय..." आणि सुरू. कंडक्टरचा आवाज काढला, बोकडाचा काढला. ड्रायव्हर घाटात गाडी थांबवतो ते सांगताना स्वतःच हसली. पोरं खदाखदा हसतायत. मागे कोणीतरी शिट्टी मारली. तिची आई पदर तोंडाला लावून हसतेय. आणि मी खाली मान घालून चपलेचा अंगठा बघतेय.
परीक्षकांतले एक वयस्कर गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "बाळ, तू दहावीत आहेस. वयाला शोभेल असं काही वाचत नाहीस का?"
प्रणालीने पुस्तक मिटलं. "वाचते की सर. शाळेतलं समदं तसलंच आसतंय. पर ह्ये मी लहान व्हते तवा आमच्याकडं न्हवतं. आता आलंय तर वाचायचं न्हाई व्हय?"
मग टाळ्या. परीक्षकांनी काहीतरी लिहून घेतलं. नंबर अर्थातच नाही. उत्तेजनार्थसुद्धा नाही. सारोळ्याच्या मुलाला पहिला. तो त्याच धरणाच्या कादंबरीवर बोलला, घड्याळ लावल्यासारखा.
बाहेर आल्यावर मी एवढंच म्हटलं, "शाळेत बोलू." तिच्या आईचा चेहरा उतरला. मघाशी हसत होत्या बिचाऱ्या.

२१ डिसें., रवि.
सरांचा फोन. "बाई, असं कसं झालं?" मला तरी काय माहीत. दिवसभर डोकं धरून.

२२ डिसें., सोम.
प्रणालीला ग्रंथालयात बोलावलं. उभीच राहिली.
"कादंबरी वाचलीच नाहीस ना?"
"वाचली बाई. समदी वाचली."
"मग?"
"आवडली न्हाई."
"नाही आवडली तर तसं स्टेजवर सांगायचं! तेही चाललं असतं!"
"तुमी दिल्याली हाय. तुमास्नी वाईट वाटलं आसतं."
मी म्हटलं, मग बोकडाने वाईट वाटणार नाही असं वाटलं तुला? ती म्हणाली, "त्यात तुमचं काय न्हाई बाई. त्यो माझा हाय."
नंतर हळूच, जाता जाता, "आमच्यात तसलाच गाव हाय. धरणात गेल्याला. मामाचा. घरात रोज त्येच चालतंय. पुस्तकात बी त्येच?"
आणि मी तिला ते 'आपल्याच भागातलं' म्हणून दिलं होतं. कौतुकाने.

२४ डिसें., बुध.
गुरुजी प्रशिक्षणाहून आले, पुस्तकं न्यायला आले. बरोबर त्यांची पिल्लावळ, प्रत्येकाच्या हातात पिशवी. आता कपाटावरून खोकी काढायची तर पोरं चिडतील, रडतील, मला काय काय ऐकावं लागेल, अशा तयारीने उभी. काहीच नाही. किरणने स्वतः खोकी उतरवली. दप्तरांतून, बाकांखालून आणखी पाच-सहा निघाली. प्रणालीने बोकड एका चिमुरडीच्या हातात दिला. ती तिथेच खाली बसून उघडायला लागली. प्रणाली वाकून म्हणाली, "हितनं वाच, हितनं लई भारी हाय."
पोरगी म्हणाली, "तू गप. मला माझं वाचू दे."
किरण एवढा हसला की गुरुजी दचकले.
गेल्यावर खिडकीखालची जागा मोकळी. पोरं तिथेच घुटमळत होती. मी कपाट उघडून दिलं. म्हटलं, बघा काय हवं ते. कोणी काही सुचवायला सांगितलं नाही, मीही सुचवलं नाही. (सुचवायचं तोंडाशी आलं होतं. दोनदा.) प्रणाली कपाटासमोर बराच वेळ उभी. तास संपल्याची घंटा झाली. रिकाम्या हाताने गेली.

२५ डिसें., गुरु.
सुट्टी. हे सारोळ्याला मित्राच्या शेतात हुरड्याला गेले. घरात मी आणि अथर्व.
दुपारी ओट्यावर येऊन बसला. "आणलं नाहीस काही?" म्हटलं, सगळी गेली प्राथमिकच्या मुलांकडे. "बरं झालं," म्हणाला. मग बराच वेळ गवारीच्या शेंगा मोडत बसला. शिरा न काढता. मी टोकलं नाही.
"आई."
"हं."
"मला सायन्स झेपत नाही. म्हणजे कळत नाही असं नाही. झेपत नाही. जूनपासून."
माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. तुझ्या वयाच्या मुलांना झेपतं. तुझ्या वर्गातल्या सगळ्यांना झेपतं. आयुष्यभर वर्गात हेच बोलत आलेय, शोधावं लागत नाही. आणि एकदम कॉलेजातले ते चष्मा काढणारे गृहस्थ दिसले. जिभेवरचं वाक्य गिळलं. फोडणीची कढई तशीच गॅसवर.
"मग काय करायचंय तुला?"
"माहीत नाही."
खरंच माहीत नाही त्याला. तोंडावर दिसत होतं. मला राग आला, अजूनही येतोय. सहा महिने क्लास, अप-डाऊन, ह्यांचे टोमणे, आणि आता 'माहीत नाही'! पण निदान बोलला. जूनपासून एकटाच घेऊन बसला होता.
"बाबांना मी सांगू की तू सांगतोस?"
"तू."
"दोघं मिळून," म्हटलं. त्याने पुढची शेंग उचलली.
आत्ता गेटचा आवाज आला. हे आले. हुरड्याची पिशवी ओट्यावर ठेवून विचारतायत, घरात एवढी शांतता का. अथर्व खोलीतून बाहेर येऊन दारात उभा आहे, माझ्याकडे बघतोय. वही मिटते.