बॅटरीच्या निरांजनाची भाऊबीज

श्टुटगार्ट (जर्मनी),
नाताळच्या आधीचा सोमवार

तीर्थरूप ताईच्या पायांना चिंतामणचा इथूनच हात लागला असं समजावं. (पाय मागे घेऊ नकोस.) तुझे गुडघे कसे आहेत? पंचवटीत थंडी पडली असेल. सकाळी रामकुंडावर जाताना कान बांधून जात जा. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त तू फोन उचलत नाहीस तेव्हापासून जेवण जात नाही. (जातं, पण चव लागत नाही.) म्हणून हे पत्र तुझ्या नातीच्या, मृण्मयीच्या फोनवर पाठवतो आहे. ती वाचून दाखवील. मृण्मयी, बाळ, कंसातलं तेवढं मनात वाच.

तो फोटो तू पाहिलास. मी पाटावर बसलेला, डोक्याला टोपी, आणि एक परकी बाई मला ओवाळते आहे. मृण्मयी म्हणते, तू चष्मा पुसून पुन्हा पाहिलास आणि म्हणालीस, "बरं झालं, त्याची सोय झाली!" तेव्हापासून अबोला. ताई, मी उभा जन्म नाशिकच्या कोर्टात कारकुनी केली. खुनाच्या आरोपीलासुद्धा तिथे बाजू मांडू देतात. मी तर फक्त पाटावर बसलो होतो.

त्याचं असं झालं. इथे सण तिथीला येत नाहीत, हॉल मिळेल तेव्हा येतात. आल्हादच्या मराठी मंडळाला चर्चचा हॉल मिळाला तो थेट डिसेंबरात. त्यामुळे लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज आणि नाताळ हे सगळं एकाच शनिवारी, दुपारच्या चहाच्या आत उरकायचं होतं. हॉलमध्ये चर्चवाल्यांचं नाताळचं झाड आधीच उभं, आणि ते हलवायचं नाही असा करार. मग आल्हादने (तुझा भाचा सध्या मंडळाचा कार्यवाह आहे, घरी स्वतःची कपबशी विसळत नाही) लक्ष्मीचा फोटो झाडाखालीच मांडला. आरती झाल्यावर निम्म्या पोरांनी झाडालाच नमस्कार केला. फराळात चकलीच्या शेजारी आलं घातलेली नाताळची बिस्किटं होती. दोन्हींत मऊ काय होतं ते विचारू नकोस. (चकली. यशश्रीने केली होती. सूनबाईंच्या कानावर जाता कामा नये.)

मग माइकवरून घोषणा झाली की, ज्यांच्या बहिणी भारतात आहेत त्या भावांनी डावीकडे बसावं आणि ज्यांचे भाऊ भारतात आहेत त्या बहिणींनी उजवीकडून यावं. मी खुर्चीवरून हललो नाही. मला बहीण आहे, ती पंचवटीत आहे आणि तिला हे खपणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं. (मनात.) तेवढ्यात मंगलाबाई समोर आल्या. मूळच्या मनमाडच्या, इथे लेकीच्या बाळंतपणासाठी आल्या आहेत. त्यांचा एकुलता भाऊ रवी रेल्वेत होता, तो गेल्या उन्हाळ्यात वारला. म्हणाल्या, "भाऊ, नाय म्हणू नका. यंदा ताट घेऊन कोणापुढं उभं ऱ्हावं तेच समजत नाय." ताई, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? मी टोपी घातली आणि बसलो.

आता कायद्याचा मुद्दा. हॉलमध्ये ज्योत पेटवायला बंदी, म्हणून निरांजन बॅटरीचं. खालून बटण दाबायचं. दुसऱ्या फेरीतच ते बंद पडलं, तेव्हा मंगलाबाईंनी ते ताटावर दोनदा आपटून चालू केलं. तिथी नाही, तूप नाही, वात नाही. असलं ओवाळणं कुठल्याच कोर्टात टिकणार नाही. आणि विषय निघालाच आहे म्हणून बोलतो. खऱ्या भाऊबीजेला "मी फोनला ओवाळणार नाही" म्हणून तू तरातरा गच्चीवर गेलीस आणि चंद्राला ओवाळून आलीस. तेव्हा मी त्या चंद्राबद्दल चकार शब्द काढला का? मी आपलं यशश्रीने घरून घ्यायला लावलेलं पुडकं मंगलाबाईंच्या ताटात ओवाळणी म्हणून घातलं आणि उठलो. माझा गुन्हा एवढाच.

आल्हाद आणि यशश्री तुला नमस्कार सांगतात. मी संक्रांतीच्या सुमाराला परततो आहे. राग तोवर सांभाळून ठेवायचा असेल तर ठेव, पण गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा धाकटा भाऊ,
चिंतामण

ता.क. त्या पुडक्यात शाल आहे असं मी धरून चाललो होतो. इथे नाताळात शालीपासून साबणापर्यंत सगळं एकाच लाल कागदात गुंडाळून घरातल्या झाडाखाली ठेवतात. यशश्री म्हणाली, "बाबा, मऊ पुडकं घ्या." मऊ पुडकी दोन होती. तर ताई, त्यानंतरच्या फोटोत मंगलाबाईंच्या खांद्यावर जी जांभळी पैठणी दिसते, ती तुझी. निघण्याआधी येवल्याला जाऊन मीच निवडली होती. ओवाळल्याशिवाय तू घ्यायची नाहीस, म्हणून बरोबर घेऊन आलो, आणि यशश्रीने तीही लाल कागदात गुंडाळून झाडाखाली ठेवली. परतल्यावर तुझ्याकडून ओवाळून घेऊन द्यायची होती.

ता.क. २. चूक कळल्यावर मंगलाबाईंनी साडीची घडी जशीच्या तशी घातली. मला परत देईनात. "ज्यांची हाय त्यांच्याच हातात देईन," म्हणाल्या. जानेवारीत मनमाडला पोचल्या की एसटीने थेट तुझ्याकडे येणार आहेत. आता खरं काम सांगतो, पत्र त्यासाठीच लिहिलं. ती साडी तू घेऊ नकोस. तूच ती त्यांच्या खांद्यावर घाल आणि "राहू दे" म्हण. भावाकडची साडी त्यांना आता कोण देणार? मी दिली ती चुकून दिली, तू दिलीस तर तो आहेर होईल. तुला मी दुसरी आणतो, हिरवी. (जांभळा रंग ताईला तसाही खुलत नाही. मृण्मयी, पुढे वाच.)

ता.क. ३. आणि नाही दिलीस तरी मी काही म्हणणार नाही. साडी तुझी आहे. पण फोन उचल. इथे मी घरात बाबा आहे, नातवाचा आजोबा आहे, मंडळात सगळ्यांचा काका आहे. मला चिंत्या म्हणणारं इथे कोणी नाही.