मनालीच्या वाटेवर दोन रात्री

२ फेब्रुवारी, रविवार

पाहुण्यांची चौथी तुकडी आज मनालीला रवाना! अंबरीशचा मामेभाऊ, वहिनी आणि वहिनींच्या चार बॅगा. अंबरीशची चंदीगडला बदली झाली तेव्हा मी किती हरखले होते — आता आपली माणसं येतील! आली की. आमच्या एअरफोर्सच्या क्वार्टरमध्ये एक रात्र टेकायचं, रॉक गार्डन तासाभरात उरकायचं, आणि आमच्या काळ्या ट्रंकेतली जाकिटं चढवून बर्फाकडे पळायचं. प्रत्येक बदलीत आमच्यामागे फिरणारी ती ट्रंक आता पाहुण्यांचीच झाली आहे. जाकिटं परत येतात ती ओली.

अबोलीला शाळेत प्रकल्प दिलाय — पर्यटक ठिकाण कशावरून निवडतात? हवामान, खर्च, राहण्याची सोय, जेवण, फोटो, कुणीतरी सांगितलं म्हणून. लेकीने सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतले. वहिनींनी ‘राहण्याची सोय’वर खूण केली. निदान खरं तरी बोलल्या!

“मम्मा, हमारे पास रहने कोई क्यों नहीं आता?” मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. मी म्हटलं, भाजी संपव.

५ फेब्रुवारी

चित्राताईचा फोन. चित्राताईचा!

“शाळेतल्या बायकांबरोबर मनालीला चाललेय. त्या दिल्लीहून थेट जातील. मी आधी दोन रात्री तुझ्याकडे टेकले तर चालेल?”

“चालेल की,” म्हटलं. आवाज अगदी गेस्ट हाऊसवालीसारखा लागला माझा.

६ फेब्रुवारी

चार वर्षं झाली. आईच्या आजारपणात ताईने आठ महिने एकटीने सगळं केलं. मी दोनदा गेले, दोन-दोन दिवस. तेरावं झालं, आणि निघताना मी मिरजेच्या घरासमोरच्या पारिजातकाचा फोटो काढत होते. ताई पायरीवरून म्हणाली, “तू काय बाई, पर्यटक. येतेस, फोटो काढतेस, जातेस.”

त्यानंतर मिरजेत पाऊल ठेवलं नाही. वाढदिवसाचे मेसेज तेवढे. खरं बोलली, म्हणूनच इतकं झोंबलं. मला फक्त ‘चुकलं माझं’ म्हणायचंय. दोन शब्द! चार वर्षं राहून गेलेत. आणि एप्रिलमध्ये आमची बदली — पार आसामकडे. मग कुठली ताई आणि कुठली मी.

१० फेब्रुवारी

सुखना तलावावर उन्हात बसले होते. धुकं हळूहळू विरलं, पलीकडे डोंगर निळे निळे. डोळा लागला वाटतं. ताई आणि मी पायडलच्या बोटीत. ती पुढे मारतेय, मी मागे, बोट जागच्या जागी गोल गोल. काठावरून आई ओरडतेय, “अगं कार्ट्यांनो, एका दिशेने मारा!” पदर खोचलेला, हातात झारा. झारा का, देव जाणे.

जागी झाले तर गालावर ऊन आणि पाणी दोन्ही. शेजारच्या सरदारजींनी काही न विचारता किन्नूच्या — इकडच्या संत्र्याच्या — चार फोडी हातावर ठेवल्या. किती गोड होत्या!

१३ फेब्रुवारी

आमच्या नेहमीच्या नरेशची टॅक्सी सांगितली. सोमवारी, सकाळी सहा. ताईला त्याचा नंबर पाठवला. पक्का माणूस आहे, घाटात गाडी जपून चालवतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आली. केस पांढरे झालेत. हसली तेव्हा आईच!

बॅगेतून भडंग, खाजा आणि माझा लहानपणीचा पितळी पेला निघाला. स्वेटर एकच, पातळसा. मनालीला चाललीय की महाबळेश्वरला? पण विचारलं नाही. मागेल ट्रंकेतलं, सगळेच मागतात.

अबोलीने फॉर्म पुढे केला. वर ठिकाणांची यादी — मनाली, शिमला, कसौली, डलहौसी. ताई चाळून म्हणाली, “माझं ठिकाण यात नाही गं.” मनाली पहिल्याच ओळीत होतं! चष्म्याचा नंबर वाढला असणार.

१६ फेब्रुवारी

सुखनावर नेलं. खरंच पायडलच्या बोटीत बसलो! गोल फिरलो नाही, सरळ गेलो. पाणी इतकं शांत होतं की बोलावंसंच वाटेना. अर्धं तळं पार झाल्यावर तोंड उघडलं. “ताई...”

“काय गं?”

“...गुडघे दुखत नाहीत ना?”

गाढव आहे मी. नुसती गाढव!

“इथे बरं वाटतं,” ती म्हणाली. फोटो एकही काढला नाही, ना तिने ना मी.

ट्रंकेतलं सगळ्यात उबदार जाकीट तिच्या बॅगेवर ठेवलं. ती जाकिटाकडे बघत राहिली, मग म्हणाली, “झोप आता.” झोप कसली! उद्या सकाळी गाडीत बसायच्या आधी बोलेनच. नाहीतर मग राहिलंच.

१७ फेब्रुवारी

सहा वाजून गेले, गाडीचा पत्ता नाही. पराठे बांधून तयार. ताई गाढ झोपलेली! नरेशला फोन लावला, झापायलाच.

“मॅडम जी, दीदी ने तो परसों ही कैंसल करा दी थी. बोलीं, मुझे तो बस यहीं तक आना था.”

जाकीट ट्रंकेत ठेवलं. चहा दोन कप टाकलाय. ती उठायची वाट बघतेय.