डाग न पडलेला बॅज

प्रिय दादा,

आज मी कौसाबाईंवर ओरडले. दवाखान्यातल्या सगळ्यांसमोर, चांगली मोठ्यानं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा कळलं की मी त्यांच्यावर नाही, तुझ्यावर ओरडत होते. म्हणून हे लिहायला बसले. तू गेल्यापासून पहिल्यांदाच.

कौसाबाई आमच्या एक्स-रेच्या खोलीत नव्या लागल्यात, औंढ्याकडच्या आहेत. पेशंटला टेबलावर चढवायचं, हातपाय नीट ठेवायचे, हे त्यांचं काम. सोमवारी त्यांच्या नावाचा बॅज आला. छातीला लावायचा, अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा. आणि बाईंनी तो रुमालात गुंडाळून कमरेच्या पिशवीत ठेवून दिला! विचारलं तर म्हणतात, "नवा हाय ना ताई. कामात खराब व्हईल."

हेच वाक्य, दादा. अगदी हेच.

तुझा बॅज आला तो दिवस आठवतो? तालुक्याच्या त्या दवाखान्यात एक्स-रेला लागून तुला महिना झाला होता. गावात, कुरुंद्यात, लोक तुला 'फोटोवाला' म्हणायला लागले होते. प्लॅस्टिकच्या त्या चौकोनी डबीवर इंग्रजीत आपलं आडनाव छापलेलं. आपल्या घरात कुणाचं नाव असं छापून कधी आलं होतं? आईला वाचता येत नव्हतं, तरी त्याच्यावरून बोट फिरवत बसली होती.

आणि तू तो लग्नांत मिरवलास! जयंतीच्या मिरवणुकीत पांढऱ्या शर्टावर लावलास. पाहुण्यांनी विचारलं तर छाती काढून म्हणालास, "सरकारी हाय." कामावर मात्र लावायचा नाहीस. "कामात खराब व्हईल," म्हणायचास, डार्करूममधल्या फोटो धुवायच्या औषधाचे डाग पडतात म्हणून. दर तीन महिन्यांनी आतली पट्टी तपासायला मुंबईला जायची, नवी यायची, आणि डबी परत आपल्या पत्र्याच्या पेटीत, आईच्या लुगड्यांच्या घडीत.

तो कशासाठी असतो हे तुला कुणी सांगितलंच नाही का रे? कागदोपत्री तर सांगितलंय. मुंबईहून कुणी साहेब आले, दिवसभर बोलले, तुम्ही रजिस्टरवर सह्या केल्या, सगळ्यांचा एक फोटो निघाला. घरी येऊन तू म्हणालास, "साहेब लई भारी बोलले."

"काय बोलले?"

"आता ते इंग्लिशमंदी व्हतं. पन भारी बोलले."

किती हसलो होतो आपण! आज ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तुझाही राग येतो, खोटं कशाला बोलू? एसटीत जागेवरून कंडक्टरशी भांडणारा तू, साहेबासमोर तोंडाला कुलूप कसं लागलं? हात वर करून विचारायचं ना, हे काय हाय म्हणून! आणि ती रडणारी लेकरं? फोटो काढताना हलू नयेत म्हणून एका बाजूनं त्यांची आई धरायची, दुसऱ्या बाजूनं तू. किरणं अडवणारा शिशाचा एप्रन एकच, तो तू त्या बाईच्या अंगात घालायचास. "लेकुरवाळी बाई हाय, तिला काहून तकलीफ?" म्हणायचास. म्हणजे तकलीफ होते एवढं तुला कळत होतं! मग तू काय दगडाचा होतास?

तुझे डॉक्टर भिंतीआडून रोज बघत होते. त्यांना नव्हतं माहीत? पण काम झटपट होत होतं ना, मग कोण कशाला बोलेल!

आपला जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी तू गेलास. रक्ताचा कॅन्सर. नांदेडच्या डॉक्टरांना मी विचारलं, किरणांमुळे झालं का? ते म्हणाले, तसं सांगता येत नाही, अंगावर किती गेलं ते बघावं लागेल. तुझ्या दवाखान्यानं लगेच फाइल काढून दाखवली. सात वर्षं, दर तीन महिन्यांनी, काहीच नाही. "बघा, एकदम क्लिअर आहे." असणारच! पेटीत कुठली किरणं पडणार होती? आईच्या लुगड्यांची मोजणी होती ती.

म्हणजे तू कशानं गेलास ते आता कुणालाच कधी कळणार नाही. हा राग मी कुठं नेऊन टाकू, दादा?

आणि एक सांगायचंय. आईलाही अजून सांगितलेलं नाही. एकदा घाईत तू बॅज लावूनच कामाला निघाला होतास. दारात मीच तुला अडवलं, शर्टावरून तो काढून घेतला. "ठिव इथं, डाग पडतेत," म्हणाले. मी! आज एक्स-रेचा कोर्स करून हीच नोकरी करते, आणि तेव्हा मीच तो काढून घेतला.

दुपारी आमच्या डॉक्टरांनी रजिस्टर पुढे केलं. उद्या एक्स-रेच्या खोलीची सरकारी तपासणी आहे. कौसाबाईंच्या नावापुढं 'प्रशिक्षण दिले' असं लिहायचं, माझी सही, खाली बाईंची. "पुढच्या आठवड्यात निवांत शिकवा. आज कागद तेवढा पुरा करा." बाई पेन धरून तयारच होत्या. मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुमच्यामुळे दवाखाना बंद पडेल." पडू दे, असं म्हणायची हिंमत झाली नाही. पण सही केली नाही.

मग बाईंची माफी मागितली, त्यांना समोर बसवलं. आपल्या भाषेत बोलले. बाईंनी बॅज उलटसुलट करून बघितला.

"म्हंजे ह्यो मला वाचवत न्हाई?"

"न्हाई."

"मंग काहून लावू?"

"तुमच्या अंगावर किती पडलं ते ह्योच सांगतो. जास्त निघालं तर तुमाला बाजूला काढता येतं. न्हाईतर तुमच्या बाजूनं बोलणारं कुणीच न्हाई."

बाईंनी तो छातीला लावला. मग एप्रन, मग भिंतीआड कधी जायचं, मग लेकरू कुणी धरायचं, एकेका गोष्टीला बाईंचं 'काहून' होतंच. संध्याकाळपर्यंत निम्मंच झालं.

दादा, तुला शब्द देते. बाई मला सगळं त्यांच्या तोंडानं समजावून सांगतील तोपर्यंत त्या रकान्यात माझी सही होणार नाही, नोकरी राहो नाहीतर जावो. उद्या तपासणीचे साहेब विचारतील, यांना शिकवलंय का? मी सांगणार आहे, नाही, अजून पुरतं शिकवलेलं नाही. तुझ्या वेळी एवढं एक वाक्य कुणाच्या तरी तोंडून निघायला पाहिजे होतं.

तुझीच,
छबू