मनीचं आजचं इंजेक्शन

अनय,

रोह्याहून दादाचा फोन आला. बाबांनी कालपासून पाणीही घेतलेलं नाही. तुझी शिफ्ट सुटेपर्यंत थांबवेना, म्हणून निघाले.

मनीचं सांधेदुखीचं इंजेक्शन आज तुलाच द्यावं लागेल. भरलेली सिरिंज फ्रिजच्या दारात आहे. आधी थोडा वेळ मुठीत धर, गार औषध तिला झोंबतं. ती कपाटामागे बसली असेल. मागच्या वेळेसारखं पाय धरून ओढू नकोस, कंबर दुखते तिची. खाणं पुढे ठेव आणि ती खायला लागली की मानेमागची कातडी चिमटीत उचलून टोच. घाबरू नकोस, आता तिच्यात चावायचाही जोर नाही.

काल तू म्हणालास, "किती दिवस ओढायचं असं?" मनीबद्दल म्हणालास की बाबांबद्दल, ते मी विचारलं नाही.

आपण पेणला आलो तेव्हा मनी बाबांनीच माझ्या कुशीत दिली होती. शुद्धीवर आले की अजून विचारतात, "मनी खिडकीत चढते काय गो?" मी व्हय म्हणते. आज फोन लावून देईन. तुला विचारलं, तर तूही व्हय म्हण.

समीक्षा