शेवटचे तीन शब्द

डब्लिन,
९ नोव्हेंबर १९६१

ती. बाबांस,
गोबनेटचा सा. न. वि. वि.

आईने विणलेले मोजे पोचले. एक लांब आहे, एक आखूड, पण तिला सांगू नका.

पदवीच्या वेळचा माझा फोटो तुम्ही येशूच्या तसबिरीशेजारी लावलात, तेव्हापासून मला त्याचा धाक वाटतो. घरातली पहिली पदवीधर मी; ते शिक्षण नुसतं भिंतीवर राहू नये. म्हणून ही बातमी आधी तुम्हाला लिहिते. मार्चमधल्या गायन स्पर्धेच्या अंतिम फेरीत माझी निवड झाली आहे. जिंकणारीला दोन वर्षं मिलानला ऑपेरा शिकायला पाठवतात. तीन गाण्यांपैकी एक आपल्या आयरिश भाषेतलं हवं. मी तुम्ही शिकवलेलं बुडालेल्या होडीचं गाणं घेतलंय. आपल्या लोकांचं दुःख एकदा इथल्या सभागृहाच्या झुंबरांखालीही ऐकू जावं, असं फार वाटतं.

माझ्या गुरू मिस डेलाहंट म्हणतात, गाताना माझा उजवा हात आपोआप गोल फिरतो. आता त्यांना कसं सांगू, की घरी मी गायला लागले की तुम्ही माझा हात धरून, घड्याळाला चावी द्यावी तसा, संथ फिरवत राहता? हल्ली त्या मला दोन्ही हातांत जाड पुस्तक धरून गायला लावतात.

खोकल्याचं खरं काय ते लिहा. आईला नमस्कार. माया आहेच, ती राहू द्या.

तुमची
गोबनेट

डून क्विन, केरी,
२० नोव्हेंबर १९६१

चि. गोबनेट हिस,
बाबांचे अ. आ.

खोकला आहे तिथेच आहे. डॉक्टर छातीला नळी लावतो आणि हवामानाबद्दल बोलतो. तांबडी गाय व्याली. शेजारचा टायग म्हणतो, आज हात बांधून गायला शिकवतात, उद्या तोंड बांधून शिकवतील. मी म्हणालो, तुला तसं शिकवलं असतं तर गावावर उपकार झाले असते.

डब्लिनपर्यंत माझ्याने येववणार नाही. पण स्पर्धा रेडिओवर लागणार आहे म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरात सगळे जमू. डोळे मीट आणि गा. परीक्षकांकडे बघू नकोस. त्यांचं कुणी बुडालेलं नाही.

आईने मोज्यांचं विचारलंय. तिला काय सांगायचं ते तूच कळव.

तुझा
बाबा

डब्लिन,
१४ मार्च १९६२

ती. बाबांस, सा. न.

रेडिओवर ऐकलंच असेल. मी हरले.

हात जराही हलला नाही. पण तुम्ही सांगितलंत तसे डोळे मिटले, आणि शेवटच्या ओळीपर्यंत पोचले तेव्हा मी आपल्या चुलीपाशी होते. शेवटचे तीन शब्द मी गायलेच नाहीत. घरी आपण म्हणतो तसे साधे बोलून मोकळी झाले. टाळी पडेना. मी पुढे गाईन म्हणून लोक वाट बघत होते. परीक्षकांनी शेरा लिहिला, शेवटी आवाजाने साथ सोडली. मिलानला बेलफास्टची मुलगी जाणार.

रागात लिहिते आहे, माफ करा. हाताची खोड मला ठाऊक होती. ही दुसरी खोड आहे, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं शिकून मी अखेर चुलीपाशीचीच राहिले. इथल्या एका शाळेत बाईंची जागा आहे, ती घेते. गाणं आता पुरे.

गोबनेट

डून क्विन,
२२ मार्च १९६२

चि. गोबनेट हिस, अ. आ.

अक्षर हललंय, ते सांभाळून घे.

त्या दिवशी आमच्याकडे अकरा माणसं होती. तू शेवटचे शब्द बोललीस आणि टायग म्हणाला, देव तुझा गळा राखो, पोरी. गाणं संपलं होतं. मग आईने रेडिओ बंद करून चहा ठेवला. निकाल आम्ही ऐकलाच नाही. तुझं पत्र येईपर्यंत तू जिंकलीस असंच सगळे धरून होते. मिलानला थंडी कितपत असते, तेही आईने फादरना विचारून ठेवलं.

चूक माझी आहे. मला वाटायचं, सगळं जग गाणं असंच संपवतं. ट्राली गावाच्या पलीकडे मी कधी गेलो नाही. माझे वडील म्हणत, गाणारा गाता गाता फार लांब जातो. शेवटचे शब्द बोलून त्याने माणसांत परत यायचं. एवढं तुला सांगायला हवं होतं. त्यांच्यात त्यांच्यासारखं संपव, त्यात आपलं काही जात नाही. पण शाळेला नाही म्हण आणि पुढच्या मार्चला पुन्हा उभी राहा.

फोटो भिंतीवरून काढलाय. धाक वाटतो म्हणाली होतीस.

बाबा

मिलान,
४ फेब्रुवारी १९६४

ती. आईस, सा. न.

तुझं पत्र काल मिळालं. बाबांना माती देऊन तोवर आठवडा झाला होता. माझा पहिला प्रयोग मोडू नये म्हणून तार करायची नाही, असं त्यांनीच बजावलं होतं, हे वाचलं. भूमिका दासीची होती, आई. सात ओळी. त्या सोडून मी आले असते.

गेल्या वर्षी शेवटची ओळ पूर्ण गाऊन मी जिंकले, तेव्हा त्यांनी कळवलं होतं, की गाणं संपलं कधी तेच कुणाला उमगेना, रेडिओ तसाच चालू राहिला. ते वाचून मी हसले होते.

टायगकाका दफनाच्या वेळी होडीचं गाणं म्हणणार होते आणि ते गोबनेटचं आहे म्हणून तू थांबवलंस, हे बरं केलंस. आज सकाळी रियाजाच्या खोलीत मी ते म्हटलं. उजवा हात फिरू लागला, मी फिरू दिला. शेवटच्या तीन शब्दांपाशी थांबले. गाऊन ते संपवावेसे वाटेनात, आणि बोलून परत यावं तर इथे कुणी नव्हतं.

ते शब्द राखून ठेवलेत. जूनमध्ये येते. बाबांच्या कबरीपाशी उभी राहून सगळं गाणं म्हणेन आणि ते बोलेन. तेव्हा माझा हात तू धर.

तोवर जपून राहा, माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी
गोबनेट