डाव्या सीटचे बुश

मी, शिवराम जानू कोळी, वय अडुसष्ट, धंदा पूर्वी गॅरेज व आता काही नाही, राहणार दिवाळे गाव, सीबीडी बेलापूर, नवी मुंबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टर राजेश्वरी यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दबावाचे म्हणाल तर माझ्यावर दबाव टाकू शकेल अशी एकच व्यक्ती होती, ती माझी पत्नी जमुना. ती दोन वर्षांपूर्वी वारली. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

मसुदा वाचून वकील मोनालीताई म्हणाल्या, "काका, कलमांत एवढं घरगुती लिहीत नाहीत." मी म्हणालो, "मग घरातल्यांना कळणार कसं?" त्यावर त्यांनी काही खोडले नाही.

१. मला दोन अपत्ये आहेत. मुलगा रोहन, तो पत्नी अक्षता हिच्यासह उलव्याला राहतो. मुलगी रुतिका, ती खांदेश्वरला राहते. दोघांवर माझी सारखीच माया आहे, जरी रोहनशी मी सध्या बोलत नाही.

२. दिवाळे गावातील राहते घर दोघांचे समान. ओट्यावर शेजारच्या बाया मासळी सुकवतात, त्यांना अडवू नये. जमुनाने कधी अडवले नाही आणि वासाची तक्रार करणाऱ्याला तिने दारात उभे केले नाही. खांदेश्वरचा फ्लॅट रुतिकाचा. बँकेत जे असेल ते दोघांनी वाटून घ्यावे. जमुनाचे दागिने रुतिकाला, पण नथ अक्षताला, कारण तसे जमुना स्वतः बोलली होती व मी ऐकले होते.

३. होडीतील माझा हिस्सा धाकटा भाऊ सदू याच्या नावे आधीच झाला आहे. यापुढे त्याला काही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे मोनालीताईंनी सांगितले, तेव्हा मी साक्षीदार म्हणून लगेच सदूचे नाव दिले. जमुनाच्या बाराव्याला, पंगत उठायच्या आत, "दादा, ती गाडी इकून टाक, उगाच जागा आडते," असे म्हणणाऱ्याला सही करण्याचा मान पुरेसा आहे.

४. गॅरेजमधील सर्व हत्यारे रोहनला. अपवाद टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट जोर मोजून आवळायचा पाना. तो तुर्भ्याच्या मानसिंगला द्यावा. कारण कलम पाचमध्ये येईल.

५. गाडी. ही जपानी बनावटीची, दोन दरवाजांची, दोनच सीटची गाडी मी वाशीच्या एका माणसाकडून ठोकलेल्या अवस्थेत घेतली आणि हातांनी उभी केली. इंजिन बदलले, बूड खाली आणले, रुंद टायर चढवले. गावात हसले सगळे. जमुना हसली नाही. पहाटे बेलापूरच्या बाजारात निघताना तिने डिकीत बोंबलाची पाटी ठेवली आणि डाव्या सीटवर बसून म्हणाली, "चल, उशीर होतंय." शर्यतीच्या गाडीतून मासळी बाजारात जाणारी नवी मुंबईतली ती एकटीच असावी. तो वास डिकीत अजून आहे. तो काढू नये.

चाकाला धरून ठेवणारे लोखंडी हात गाडीच्या अंगाला जिथे जोडलेले असतात, तिथे मध्ये एक जाड गोल तुकडा बसतो. त्याला बुश म्हणतात. खड्ड्याचा दणका आधी तो खातो, उरलेला माणूस खातो. मी हौसेने पॉलीचे, म्हणजे प्लास्टिकसारखे कडक, बुश बसवले होते. गाडी वळणावर रुळावर असल्यासारखी जायची. मग जमुनाला हाडांचा आजार निघाला आणि तिला खारघरच्या हॉस्पिटलात नेणे-आणणे सुरू झाले. रस्त्यावरचा प्रत्येक सांधा तिच्या पाठीत जायचा. ती दरवाजाची मूठ धरायची. मी पॉली काढून रबर घालायचे ठरवले.

त्या दिवसांत मला गॅरेजला वेळ नव्हता, म्हणून काम मानसिंगला दिले. त्याने रबर चांगले आणले, पण गाडी लिफ्टवर, चाके हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळून टाकले. पॉली आपल्या जागी मोकळे फिरते, त्याला असे चालते. रबर ज्या स्थितीत आवळाल ती स्थिती धरून बसते. चाके लोंबत असताना आवळले की गाडी खाली उतरताच रबराला पीळ पडतो, आणि त्या पिळातच ते जन्म काढते. मानसिंगचे बुश लवकर फाटले आणि जमुनाची मूठ पुन्हा दरवाजावर गेली. मानसिंगशी मी भांडलो. आता राग नाही. पाना त्याला द्या, तो गाडी जमिनीवर असतानाच वापरावा, एवढीच अट.

हे मला माझ्या वडिलांनी शिकवले होते, तेही गाडीवर नाही. होडीत नवे मशीन बसवले की वडील शेवटचे बोल्ट किनाऱ्यावर कधी आवळू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "होरी पान्यान उतरू दे. मानसं बसू दे. मंग आवळ." लाकूड पाण्यात आणि वजनाखाली आपला खरा आकार घेते, असे त्यांचे म्हणणे.

म्हणून दुसऱ्या वेळी मी स्वतः रबर बसवले. गाडी चारी चाकांवर खाली उतरवली, उजव्या सीटवर माझ्या वजनाची तांदळाची पोती ठेवली आणि जमुनाला म्हणालो, "ये, बस." ती पदर खोचून डाव्या सीटवर बसली. मी गॅरेजच्या खड्ड्यात उतरून खालून बोल्ट आवळत होतो आणि ती वरून विचारत होती, "झाला का? पोटात कावले वरडतान." ती बसलेली असताना त्या रबराला काडीचाही पीळ नव्हता. दुसऱ्या दिवशी खारघरला पोचलो तरी तिचे हात मांडीवरच होते. म्हणाली, "आज हाडं नाय वाजली."

नंतर ती उतरत गेली. गाल गेले, दंड गेले, माणूस हलके होत गेले. डाव्या बाजूला तिचे पूर्वीचे वजन राहिले नाही, तसा रबराला पुन्हा पीळ चढू लागला. तो एवढासाच असतो, पण मला जाणवायचा, आणि बहुतेक तिलाही. मी म्हणालो, "बोल्ट सैल करतो, आता जेवढी आहेस तेवढ्यावर पुन्हा आवळतो. एका दुपारचे काम." तिने मान हलवली. "नको सोडू. मी परत भरून येन. मंग तू परत आवळत बसशील."

मी बोल्ट सोडले नाहीत. ती भरून आली नाही.

६. रोहनविषयी. ती गेल्यावर काही महिन्यांनी रोहन पॉलीचे बुश घेऊन आला. बरोबर बोलत होता तो. रबर फाटले होते, ब्रेक मारला की गाडी डावीकडे खेचत होती. म्हणाला, "बाबा, टेन्शन नका घेऊ, पॉली टाकू, परत बघायला नको. आणि ही डावी सीट काढू, गाडी हलकी होईल." मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "सीट कोणासाठी ठेवायची? आई बसलीय का आता त्यात?"

मी त्याला घराबाहेर जायला सांगितले. तो मनाने वाईट नाही. आईला खांद्यावर घेऊन जिना उतरवणारा तोच होता, आणि तिच्यानंतर त्याला हातांना काहीतरी काम हवे होते, हे मला तेव्हाही दिसत होते. पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नव्हते, ते येथे लिहून ठेवतो. होय, रोहन. बसली आहे.

७. गाडी रोहनला देत आहे. ती विकायची की ठेवायची हे त्याने ठरवावे. ठेवली तर पुढीलप्रमाणे करावे अशी माझी इच्छा आहे.

जुने बुश काढावेत. ते माझ्या अस्थींबरोबर खाडीत टाकू नयेत, सदूच्या जाळ्यात येतील. भंगारात द्यावेत. त्यांत तुझी आई नाही. मला हे लिहिता येते, बोलता येत नाही.

नवे बुश रबराचेच घ्यावेत. पॉली चांगले आहे, गाडी त्यावर चपळ चालते, पण कोण बसले आहे याची त्याला पर्वा नाही. रबर कमी टिकते, फाटते, पुन्हा खर्चात पाडते. तरी रबरच घ्यावे. मानसिंगला बोलवावे, टॉर्क पाना त्याच्या हाती द्यावा आणि गाडी जमिनीवर असल्याची रुतिकाने खात्री करावी. ती कोणाचे ऐकून घेत नाही, म्हणून हे काम तिला. उजव्या सीटवर रोहनने बसावे. डाव्या सीटवर अक्षताने बसावे. पोती ठेवू नयेत. तुम्ही दोघे जसे आहात तसे बसा आणि मग आवळून घ्या.

त्यानंतर गाडी जमुनाला विसरेल, हे मला ठाऊक आहे. विसरू द्यावे. आणि पुढे तुमच्यापैकी कोणी हलके होऊ लागले तर, रोहन, त्याचे म्हणणे ऐकू नकोस. त्याच दुपारी बोल्ट सैल कर आणि पुन्हा आवळ.

८. हे सर्व माझ्यानंतर. मी जिवंत असेपर्यंत त्या बोल्टांना कोणी पाना लावू नये. गाडी मी रस्त्यावर काढत नाही, कोणाला धोका नाही. संध्याकाळी मी उजव्या सीटवर जाऊन बसतो. डावी बाजू अजून तिच्याच बेताची आहे.

वरील मजकूर मोनालीताईंनी मला वाचून दाखवला. कलम पाच वाचताना त्या मध्ये थांबल्या, मग पुढचे मी वाचले. सर्व बरोबर आहे म्हणून दोन साक्षीदारांसमोर सही करीत आहे व त्यांनीही माझ्यासमोर सही केली आहे.

ठिकाण: दिवाळे गाव, नवी मुंबई
दिनांक: १८ जानेवारी २०२६

मृत्युपत्र करणार
(सही) शिवराम जानू कोळी

साक्षीदार
१. (सही) डॉ. राजेश्वरी पाटील, बेलापूर
२. (सही) सदू जानू कोळी, दिवाळे. दादा, मी गाडीबद्दल बोललो ते चुकलो. तू चालवायचास तवा वैनी मलाबी बाजारातून घरी आणायची, मांडीवर पाटी घेऊन, मला डाव्या सीटवर आपल्या शेजारी दाटून बसवून.