राक्षस कमी दिसला म्हणून चहा?

रविवार, १८ मे २०१४. सायंकाळचे सव्वासात. गोंदियाहून देवरीला परतलो, पाय धुतले आणि लिहायला बसलो.

महाकाय राक्षसाचा जुना सिनेमा नव्याने काढला आहे. आज गोंदियात आम्ही पाहिला तो हाच, आणि तो मीच निवडला होता. आम्हा चौघा मित्रांचा नियम असा, की सिनेमा आवडला नाही तर निवडणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. बाहेर येताच मुकेश ओरडला, "काऊन बे, तिकीट राक्षसाची काढली का धुराची? अर्धा सिनेमा झाला तरी तो दिसूनच नाई राहिला! चल, चहा पाज."

मी नाही म्हटले. धुरातून त्याची नुसती पाठ सरकते, तेव्हाच माझे हात गार पडले होते. पूर्ण दिसला तेव्हा नाही. हे समजावू कसे?

मग बोललो, "मागच्या वर्षी शेताच्या धुऱ्यावरचं गवत हललं, तं तू मोहाच्या झाडावर चढला. वाघ दिसला होता काय तुले?"

बाकीचे दोघे हसले. मुकेशही हसला. "तो सच्चा वाघ होता बे! हा तं पडद्यावरचा. चहा पाज."

पाजला असता तर वाद मिटला असता. पण मग सिनेमा वाईट होता, हे मीच कबूल केले असते. बसमध्ये ते तिघे पुढे बसले, मी एकटा मागे. मी चुकलो का? नाही. ती पाठ अजून डोळ्यांसमोर सरकते आहे.

खर्च: बस ११०, तिकीट ८०.
देणे: तीन चहा, असे मुकेश म्हणतो. मी शून्य लिहितो.